वडवणीचा पेरा

वडवणीचा शेतकरी हट्टी आहे, एकदा धरलेलं पीक सोडत नाही, अशी तक्रार दर खरिपाच्या तोंडावर ऐकू येते. तक्रार करणाऱ्याने इथल्या एखाद्या गटाचे जुने उतारे काढून बघावेत. सातबाऱ्याच्या बारा नंबरच्या नमुन्यात पेरा लिहिलेला असतो आणि मराठवाड्यात 1954-55 च्या खासरा पाहणीपर्यंत मागे जाता येतं. गेल्या सत्तर वर्षांत या भागाने ज्वारी कमी करून कापूस धरला, कापूस कमी करून सोयाबीन धरलं, मधे सूर्यफूल करून पाहिलं, मोसंबी लावली आणि वाळलेली पाहिली, तुरीवर भरवसा टाकला आणि तो भोगला. आता कुठे कुठे तुतीचा पाला तोडायला सुरुवात झाली आहे. एवढं सगळं करून बसलेल्या माणसाला हट्टी म्हणायचं म्हणजे कमालच. तो पीक बदलतो. फक्त कुणी सांगितलं म्हणून बदलत नाही. माल घेणारा कोण, हे पेरणीआधी दिसलं की बदलतो. वडवणीच्या पेऱ्याचा सगळा इतिहास या एका खुंटीवर टांगता येतो.

तालुका म्हणून वडवणीचं वय फारसं नाही. तो 1999 मध्ये झाला. बीड–परळी रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. एका अंगाला बालाघाटाचा डोंगरपट्टा, तिथे मुरमाड, हलकं रान. दुसऱ्या अंगाला कुंडलिका आणि सिंदफणेकडे उतरत जाणारी काळी जमीन. उपळीजवळ कुंडलिकेवर मध्यम प्रकल्प आहे, सोन्नाखोट्याला ऊर्ध्व कुंडलिका. बाकी सगळी भिस्त विहिरी, बोअर आणि पावसावर. जिल्ह्याची पावसाची सरासरी 666 मिलिमीटर सांगतात, पण नेमका सरासरीइतका पाऊस पडलेलं वर्ष इथे शोधावंच लागतं.

निजामी अमलात आणि त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं शेतात काय पेरायचं ते घरातल्या गरजांवरून ठरे. माणसांना भाकरी, बैलांना कडबा, फोडणीला तेल, दोराला अंबाडी. मृग बरसला की तिफण चाले. चाड्यावर मूठ धरणारा बाप्या ज्वारी नाहीतर बाजरी सोडी आणि तिफणीमागे दोरीने बांधून ओढलेल्या मोघ्यातून एखादी बाई तुरीची ओळ धरी. मुगाची, मटकीची इरवाड असे, धुऱ्याला अंबाडी आणि तीळ. भादव्यात मूग घरी येई, दसऱ्याच्या आगेमागे बाजरी, दिवाळीच्या सुमाराला ज्वारी. तूर मात्र पौषापर्यंत रानात एकटीच उभी. काळ्या रानात रब्बीची शाळू आणि तिच्या कडेने करडईचे पट्टे. करडई पक्की काटेरी, त्यामुळे गुरं आत शिरत नसत. तेलही मिळे आणि कुंपणही होई. पाऊस कोणत्याही टप्प्यावर रुसला तरी या रानातून काहीतरी घरात येणारच, अशी ती बांधणी होती.

या शेताचं गुणगान हल्ली फार होतं. करावंही, पण एक गोष्ट त्यात सुटते. ते शेत पोट भरत होतं, पैसा देत नव्हतं. सारा भरायला, लग्नाला, सावकाराला रोकड लागे आणि ती उभी करायला मुगाची पायली पुरत नसे. कापसाला इथल्या रानात जागा मिळाली ती या रोकडीसाठी.

कापूस मराठवाड्यात जुनाच. मनमाडहून जालना, सेलू, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे 1900 च्या सुमाराला सुरू झाली आणि रुळाकाठच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. 1918 मध्ये परभणीला कापसाचं संशोधन केंद्र निघालं. इथल्या गावरान कापसाच्या धाग्याला नाव होतं. बीड जिल्हा मात्र या रुळापासून लांब पडला. परळीला गाडी आली तीही 1930 च्या आसपास, आणि वडवणीहून परळी साठेक किलोमीटर. बैलगाडीने कापूस न्यायचा म्हणजे बैलांना वाटेत मुक्काम आणि दराचा निर्णय पलीकडच्या माणसाच्या हाती. नदीकाठच्या काळ्या रानातसुद्धा त्यामुळे कापूस बराच काळ ज्वारीच्या मागेच राहिला. माती दोन्हीकडे सारखीच काळी होती, पण परभणीकडे रूळ होता आणि इथे नव्हता.

1960 नंतर धान्यटंचाईचे दिवस आले. 1964 मध्ये सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी निघाली. 1965 मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं जाहीर करून टाकलं. हायब्रीड ज्वारी गावोगाव पोचली. ती भरघोस पिके, पण लवकर निसवून पावसात सापडे, दाणे काळे पडत आणि ताट बुटकं असल्याने कडबाही निम्मा. बैलवाल्याला ही अडचण लहान वाटत नसे. वर ज्वारीवर सरकारी लेव्ही. भाकरीच्या धान्यातून पैसा करायचा हा प्रयोग असा अर्ध्यावर राहिला.

मग 1972 उजाडलं. त्या दुष्काळाचं वर्णन इथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकावं: अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो, सुकडी, आणि खडी फोडायला गेलेलं अख्खं गाव. मजुरी मिळत होती, शेत नव्हतं. रोजगार हमीची मुळं त्या कामांत रुजली. पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

आणि त्याच 1972 च्या हंगामापासून राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. कायदा आदल्या वर्षीचा. व्यापाऱ्याला मज्जाव, शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघ घेणार, आधी हमीचा दर देणार, हंगामाचा हिशेब झाला की वरचा फरक. पुढे 1984 मध्ये कापूस उत्पादकांचा वेगळा महासंघ झाला, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'फेडरेशन'च राहिलं. केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागे, रात्री गाडीखालीच आडवं व्हायचं. सकाळी ग्रेडर येऊन मूठभर कापूस उचलणार, दोन बोटांत धागा ओढून बघणार, आणि प्रत सांगून पुढच्या गाडीकडे वळणार. त्याच्या त्या एका शब्दावर वर्षाची कमाई वर-खाली होई. चुकाऱ्याला महिने लागत. शेजारच्या राज्यात दर चढला की रात्रीतून कापूस सीमेपलीकडे जाई, आणि पडला की पलीकडचा इकडे येई. योजनेचा तोटा वाढत गेला आणि 2002 च्या सुमाराला ती व्यवहारात मोडीत निघाली.

तिला नावं ठेवायला जागा भरपूर आहे आणि अर्थतज्ज्ञांनी ती ठेवलीही. पण तिफण जुंपणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तीस वर्षं एक गोष्ट पक्की होती: हा माल कोण घेणार, हे पेरताना ठाऊक असे. पीककर्जाची वसुली त्याच चुकाऱ्यातून कापली जाई, म्हणून सोसायटीही कापसाला कर्ज देताना हात आखडत नसे. तोवर बियाणंही सुधारलं. सुरतचा एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस 1970 मध्ये निघाला होता. पुढच्या दशकात नांदेडचं एनएचएच-44 आलं आणि मराठवाड्यात घरोघर पोचलं. ज्वारीच्या रानात कापूस शिरला तो असा. भाषणाने नव्हे, पावतीने.

फळबागेची गोष्ट वेगळी आहे, आणि सरकारने काय केलं म्हणजे शेतकरी हलतो हे तिच्यातून सगळ्यांत स्वच्छ दिसतं. 1990-91 मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. खड्डे खोदायची मजुरी, कलमं, खतं, पहिल्या तीन वर्षांची जोपासना, सगळं योजनेतून. अनुदान देणाऱ्या योजना आधीही होत्या. या योजनेने झाड फळाला येईपर्यंतची उपाशी वर्षं आपल्या अंगावर घेतली. राज्यात तोवर अडीच लाख हेक्टरच्या आत असलेल्या फळबागा पुढच्या दोन दशकांत कितीतरी पटींनी वाढल्या. बीड जिल्ह्यातही आंबा, बोर, मोसंबी, सीताफळ लागलं.

मात्र तीन वर्षांनंतरचं पाणी योजनेत बसत नव्हतं. 2012-13 चा दुष्काळ आला तेव्हा मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरने पाणी घालून पाहिलं, शेवटी कुऱ्हाड लावून सरपण केलं. दहा-बारा वर्षांचं झाड तोडलेला माणूस पुन्हा कलम लावताना दहा वेळा विचार करणार, हे उघड आहे. सीताफळ तेवढं तगलं. त्याच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, उन्हाळ्यात पानं गाळून ते निजतं आणि पावसावर जागं होतं. बालाघाटाच्या मुरमात ते आपणहून उगवतंच. अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे आणि बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सीताफळाचे डोळे उघडले की हातात तीन-चार दिवस. तेवढ्यात फळ गिऱ्हाइकाच्या घरी गेलं पाहिजे किंवा त्याचा गर निघून थंड्या खोलीत बसला पाहिजे. मानांकनाचा कागद या दोन्हींपैकी एकही काम करत नाही. हंगामात रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसलेल्या बायांना तो कागद ठाऊकही नसतो.

तेलबियांचं मी थोडक्यात आवरतो, कारण ती गोष्टच लहान आणि कडू आहे. 1986 मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान निघालं. सूर्यफूल मराठवाड्यात पसरलं. कोणत्याही हंगामात येतं, लवकर येतं. करडई, भुईमूगही होते. 1994-95 पासून खाद्यतेलाची आयात खुली झाली आणि 65 टक्क्यांचं शुल्क उतरत उतरत 1998 मध्ये 15 टक्क्यांवर आलं. मलेशियाचं पामतेल किराणा दुकानात शिरलं. त्यातच सूर्यफुलावर विषाणूजन्य रोग आला, राघूंचे थवे होतेच. करडईचे काटे अंगावर घ्यायला मजूर मिळेना. दहा वर्षांत ही पिकं धुऱ्यावरूनही गेली.

त्यांच्या जागी सोयाबीन बसलं. मध्य प्रदेशातून आलेल्या या पिकाचं जबलपूरचं जेएस-335 हे वाण 1994 चं. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस-71 आलं. बियाणं सरळ वाणाचं, म्हणजे घरचं राखून पेरता येतं. शेंगांना डुकराशिवाय फारसा चोर नाही. मळणी यंत्र शेतात येऊन तासाभरात दाणे पोत्यात भरून देतं. आणि लातूरचा बाजार, तिथल्या तेल गिरण्या. लातुरात रोज भाव फुटतो आणि संध्याकाळपर्यंत तो वडवणीच्या आडत्याच्या फोनवर असतो. शंभर दिवसांत रोख. वडवणीच्या एका मोठ्या वर्गाला या शंभर दिवसांचं मोल बाजारभावाहूनही जास्त वाटतं. त्याचं कारण कृषी विभागाच्या पुस्तिकांत सहसा सापडत नाही. ते कोयत्यात आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात आणि वडवणीचा डोंगरपट्टा त्यात मागे नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल वाटतो ती बहुतेक पावसाळ्यातच, म्हणजे बियाण्या-खताला पैसे लागतात त्याच दिवसांत. बँकेच्या दारात हेलपाटे घालण्यापेक्षा मुकादमाकडून लाखभर उचलणं सोपं. इथल्या कितीतरी घरांचं खरं पीककर्ज ही उचलच आहे. फरक एवढाच की ते फेडायचं पिकातून नाही, अंगमेहनतीने, आणि फेडायला दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रक दारात येऊन उभा राहतो.

आता या माणसाने काय पेरावं? कापसाची वेचणी जानेवारीपर्यंत चालते. तो वेचायला घरी कोण असणार? तूर पौषात येते. तेव्हा तो कर्नाटकात नाहीतर कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतो. रब्बीची ज्वारी, हरभरा पेरायला ऑक्टोबरात हात मोकळा पाहिजे आणि राखायला माणूस. भाजीपाल्याचं तर नावच नको. गाव सोडण्याआधी जे पीक निघून, विकून, दिवाळीचे कपडे होतील, तेच त्याच्या कामाचं. सोयाबीन या मापात तंतोतंत बसतं. ट्रक निघाला की रान तसंच पडीक, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा रानाला दुबार, तिबार पिकाचा सल्ला देणाऱ्याने आधी साखर कारखान्याचा पट्टा कधी पडतो ते विचारून यावं. गंमत म्हणजे तेलगावचा साखर कारखाना इथून हाकेवर आहे आणि माजलगाव धरणाच्या पाण्यावर खालच्या पट्ट्यात ऊसही उभा असतो. तो तोडायला कधी बाहेरची टोळी येते आणि इथली माणसं बाहेरच्या फडात गेलेली असतात.

बटईचं गणितही याच्या जवळचं. मालक बीडला, पुण्याला. रान बटईने दिलेलं, कागद नाही, दर वर्षी बोलणी नवी. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो सीताफळ लावणार नाही आणि तुतीही नाही. त्याला जून ते ऑक्टोबरपलीकडचं पीक परवडतच नाही.

ज्वारीला आणखी दोन शत्रू मिळाले. अन्नसुरक्षा कायदा 2013 मध्ये आला, गहू दोन रुपये किलो आणि तांदूळ तीन. ऑगस्ट 2015 पासून तर आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या, म्हणजे बीडच्याही, केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना हे धान्य मिळू लागलं. दुष्काळाच्या वर्षी त्याने चुली पेटत्या ठेवल्या, त्याबद्दल दुमत नाही. पण घरी खाण्यासाठी ज्वारी पिकवायची निकडही त्याने गेली. दुसरा शत्रू पाखरं आणि रानडुक्कर, रोही. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरं सगळ्यांच्या रानात वाटली जात. आता एकट्याने दोन एकर पेरली की साऱ्या शिवाराची पाखरं त्याच्याच कणसांवर. भुईमुगाचं डुकरांच्या बाबतीत हेच. एकट्या शेतकऱ्याला पीक बदलायला सांगताना त्याच्या धुऱ्यापलीकडच्या रानांचा विचार कुणी करत नाही, आणि त्याच्या नफ्या-तोट्याचा निम्मा हिशेब तिथेच होतो.

मधल्या काळात 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली होती. पहिली काही वर्षं फवारण्या घटल्या, उतारा वाढला. फेडरेशन नसतानाही कापूस वाढला, कारण खासगी जिनिंगवाले वडवणी–माजलगावच्या रस्त्यावरच आले. मग शेंदरी अळी सरावली आणि 2017 च्या खरिपात राज्यभर बोंडं किडून गेली. त्या वर्षी कापूस उपटून पुढच्या मृगात सोयाबीन पेरणारे पुष्कळ होते.

तुरीचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात सरकारने 'पीक बदला' म्हटलं, शेतकऱ्याने बदललं, आणि नंतर काय झालं याचे कागद उपलब्ध आहेत. 2014 आणि 2015 ही लागोपाठ दोन दुष्काळी वर्षं. तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांवर गेली. केंद्राने डाळी पेरायचं आवाहन केलं. 2016-17 साठी तुरीला 4,625 रुपये हमीभाव आणि 425 रुपये बोनस, मिळून क्विंटलला 5,050 जाहीर केले. पाऊस चांगला झाला. इथल्या लोकांनी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी वाढवल्या, काहींनी सलग तूर पेरली. जालन्याजवळच्या बदनापूर केंद्राचं बीडीएन-711 हे लवकर येणारं वाणही हाती होतं. महाराष्ट्रात आदल्या वर्षी जेमतेम साडेचार लाख टन झालेली तूर वीस लाख टनांवर गेली.

इकडे तूर पेरली जात असताना तिकडे आयातीचे सौदे पक्के होत होते. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी तूर आणायचा करार झाला; 2016-17 या वर्षात देशात एकूण 66 लाख टन कडधान्य आयात झालं, तोवरचा उच्चांक. डाळींच्या निर्यातीवर बंदी होतीच, व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा होती. जास्त झालेल्या मालाला बाहेर जायची वाट नाही आणि आत साठवायची मुभा नाही. बाजारात भाव हमीच्या खाली घसरले. सरकारी खरेदी सुरू झाली, पण बारदाना संपे, गोदाम भरे, काटा बंद पडे. ट्रॅक्टर-टेम्पोच्या रांगेत लोकांनी ऊन काढलं. 22 एप्रिल 2017 ला खरेदी बंद झाली तेव्हा राज्यभर केंद्रांबाहेर तूर उभीच होती; ओरड झाल्यावर ती पुन्हा सुरू करावी लागली. पुढच्या खरिपात वडवणीच्या शेतकऱ्याला कडधान्याचं महत्त्व पटवायला गेलेल्यांना काय ऐकून घ्यावं लागलं असेल, त्याची कल्पना वाचकांनी करावी.

नवीन पीक रुजतं तेव्हा कसं रुजतं, त्याचा ताजा दाखला रेशमाचा. बीड हा आज राज्यातल्या आघाडीच्या रेशीम जिल्ह्यांपैकी एक आहे. तुतीला पाणी उसाहून बरंच कमी लागतं, लावली की दहा-बारा वर्षं पाला देते. अळ्यांचं एक पीक महिन्याभरात निघतं: चॉकी, म्हणजे बाल्यावस्थेतल्या अळ्या आणायच्या, शेडमध्ये फांद्या घालत राहायचं, शेवटी चंद्रिकेवर कोष विणू द्यायचे. वर्षात पाच-सहा वेळा पैसा हातात. रोजगार हमीतून लागवडीला आणि शेडला मजुरी मिळू लागली. तरी कोष विकायचे कुठे, हा प्रश्न होता. माणसं पोती घेऊन बंगळूरजवळ रामनगरला जात. 2018 मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली, नंतर बीडलाही खरेदी होऊ लागली. तुतीचा पेरा त्यानंतर वाढला. कुणी जागृती केली म्हणून नव्हे. सकाळी निघून संध्याकाळी पैसे घेऊन परत येता येऊ लागलं म्हणून. आणि इथेही शेजाऱ्याचं रान आडवं येतंच. शेजारच्या कापसावरची फवारणी वाऱ्याने तुतीच्या पाल्यावर आली की तो पाला खाऊन अळ्यांचं अख्खं शेड एका रात्रीत झोपतं. वीस दिवसांची मेहनत उकिरड्यावर. भांडायचं कुणाशी? फवारणारा भावकीतलाच असतो.

विमा तरी मदतीला यावा. या जिल्ह्याचं नाव विम्यात गाजलेलंच आहे. 2020 मध्ये खासगी कंपन्या निविदा भरायलाच आल्या नाहीत म्हणून कंपनीच्या नफ्याला आणि तोट्याला मर्यादा घालणारा 'बीड पॅटर्न' निघाला. 2023 मध्ये एक रुपयात विमा आला, बोगस अर्जांच्या बातम्यांत बीड पुन्हा गाजलं आणि 2025 च्या खरिपापासून ती योजना गुंडाळली गेली. यात एक गोष्ट झाकली जाते: विमा मिळतो तो अधिसूचित पिकांना. सोयाबीन, कापूस, तूर यादीत आहेत. तुती नाही, कांदा सोडला तर भाजीपाला नाही. विमा, पीककर्ज, हमीभाव या सगळ्यांची छत्री मुख्यतः दोन-तीन पिकांवर धरलेली आणि सल्ला मात्र छत्रीबाहेर या असा.

ही दोन-तीन पिकंही बिनघोर नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, डिसेंबरात वायदे बंद केले. 2024 मध्ये हमीभाव 4,892 रुपये असताना बाजारात चार हजार ते साडेचार हजारांच्या आत सोयाबीन विकलं गेलं. सरकारी केंद्रावर 12 टक्क्यांहून ओला माल परत जाई, ती अट नोव्हेंबरात 15 टक्क्यांवर आणली, तोवर कोयतेवाल्यांनी आडत्याला देऊन गाव सोडलं होतं. 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क ऑगस्टात उठवलं, कापूस बोंडावर असताना, आणि सप्टेंबरात सिंदफणा पात्राबाहेर आली. सोयाबीन शेंगेतच उगवलं. राज्य सरकारने ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं.

तेव्हा कृषी खात्याला आणि पणन खात्याला एवढीच विनंती आहे. खरेदी केंद्रं कुठे, कोणत्या पिकाची, किती मालाची आणि किती ओलाव्यापर्यंत, ही यादी काढणीनंतर जाहीर करण्याऐवजी मृगाआधी वडवणीच्या बाजार समितीच्या फळ्यावर लावा, आणि ट्रक निघायच्या आत केंद्र उघडा. फळ्यावर ज्वारी दिसली तर ज्वारी पेरली जाईल आणि करडई दिसली तर करडई.